रेघ कधी पुसली

माझी मावशी डूख धरते. हे मी तिच्या तोंडावर सांगते आणि ती मान हलवून कबूल करते. अकरा वर्षांपूर्वी शेजारणीनं जिन्यात तिच्या चपलांवर पाणी सांडलं होतं. मावशी आजही त्या दारावरून जाताना चपला हातात घेते, आणि दार उघडं असलं तर जरा जास्तच उंच धरते. "माफ करणारी माणसं थोर असतात," ती म्हणते, "मला थोर व्हायला सवड नाही."

आम्ही दोघी एकाच ठिकाणी काम करतो, हिऱ्यांना पैलू पाडण्याच्या कारखान्यात. पहिल्या मजल्यावर एक लांबट खोली आहे. खिडक्या सगळ्या उत्तरेला, कारण थेट उन्हात कुठलाही खडा चांगलाच दिसतो. मी चाकावर बसते. माझ्यापुढे लोखंडी तबकडी गरगर फिरते, तिच्यावर तेलात कालवलेली हिऱ्याची भुकटी असते, कारण हिऱ्यापुढे दुसऱ्या कशाची मात्रा चालत नाही, त्याला त्याचाच भाऊबंद घासू शकतो. मावशी कोपऱ्यात, दुरुस्तीच्या टेबलावर. तिच्यापुढे गॅसची सुईसारखी ज्योत, चिमटे, भिंग आणि कोळशाचा एक सपाट ठोकळा. त्या ठोकळ्यावर अंगठी ठेवून ती सांधे जोडते. कोळसा आच धरून ठेवतो आणि सोनं काळवंडू देत नाही, म्हणून. सैल झालेल्या अंगठ्या घट्ट करणं, खड्याला धरून ठेवणाऱ्या सोन्याच्या नख्या झिजल्या की नव्या बसवणं, बोटात अडकलेल्या अंगठ्या कापणं, हे तिचं काम.

या धंद्यात एक रीत आहे, ती आधीच सांगून टाकते. ज्याच्या हातचा शेवटचा सांधा, त्याचीच ती अंगठी. ती पुढे कापायची, वाढवायची, काय करायची ती त्यानंच. तो धंद्यातून उठला तरच दुसरा तिला हात लावतो. कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण सगळे पाळतात.

मावशीच्या टेबलासमोरच्या भिंतीवर एक पाटी होती. पांढऱ्यावर काळी अक्षरं: "रेघ पुसू नये." बावीस वर्षं ती त्या पाटीकडे तोंड करून बसली. ती पाटी तिच्या बापासाठी लावलेली होती.

तिचा बाप म्हणजे माझे आजोबा. याच कारखान्यात ते मोठे खडे फोडायचे. फोडायचे म्हणजे हातोड्यानं चुरा करायचे असं नाही. मोठ्या कच्च्या हिऱ्याचे नेमके दोन भाग करायचे, एका टोल्यात. लोक त्यांना कौतुकानं फोड्या म्हणत. मी शाळेत असताना बाईंनी फळ्यावर हिऱ्याची रचना काढली होती, एकेका कणाला चार कणांनी धरलेलं. घरी येऊन मी ती आजोबांना ऐटीत दाखवली. शाळेचं तोंडही नीट न पाहिलेले आजोबा म्हणाले, "बरोबर आहे. सगळे एकमेकांचे हात धरून बसलेत. पण एका दिशेला धरणारे हात कमी असतात. तिथं टोला द्यायचा, म्हणजे मलईसारखा उकलतो. दुसरीकडे दिलास तर ठिकऱ्या." मग माझ्या हातातली पेन्सिल घेऊन त्यांनी तिचं टोक बोटावर घासलं. बोट राखाडी झालं. "आणि हाही त्यातलाच. याला लोक शिसं म्हणतात, पण शिसं कुठलं, ग्राफाईट आहे. यानं हात धरलेत ते नुसते आपापल्या थरात. थराला थर धरतच नाही, म्हणून घसरतो आणि कागदावर उतरतो. कण तेच. धरायची पद्धत वेगळी."

टोला कुठं द्यायचा ते ठरवायचा मात्र दुसरा माणूस. तो खडा आठ-आठ दिवस भिंगाखाली फिरवायचा आणि मग त्यावर शाईनं एक रेघ ओढायचा. ही शाई दिव्याच्या काजळीची, लाखेच्या पाण्यात घोटलेली. वाळली की पाण्यानं जात नाही. रेघ ओढणाऱ्याला सगळे रेघोबा म्हणत. तो जुन्या मालकांचा मेहुणा होता. त्याच्या रेघेवर आजोबा दुसऱ्या हिऱ्यानं खाच पाडायचे, खाचेत पोलादी पातं उभं करायचे आणि टोला द्यायचे. फोडणाऱ्यानं रेघेवर शंका घ्यायची नाही, असा तिथला शिरस्ता.

आजोबांनी एकदाच शंका घेतली. अक्रोडाएवढा खडा होता. ते म्हणाले, "रेघ दोन केस डावीकडे आहे." रेघोबा म्हणाला, "तुम्ही हात चालवा, डोकं चालवायला मी आहे." आजोबांनी रेघेच्या मधोमध खाच पाडली आणि टोला दिला. खड्याच्या सात ठिकऱ्या झाल्या.

आजोबा मालकांना बोलवायला धावले. परत आले तेव्हा रेघोबाच्या हातात स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा होता आणि तो बोळा काळा झालेला होता. मालक आत येईपर्यंत बोळा खिशात गेला आणि ठिकऱ्यांवर रेघेचा मागमूस नव्हता. मालकांसमोर रेघोबानं कपाळाला हात लावला. "यानं आधी माझी रेघ पुसली आणि स्वतःच्या अकलेनं खाच पाडली. मी पाणी प्यायला गेलो होतो हो!" मालकांनी मेहुण्यावर विश्वास ठेवला. सगळं खापर आजोबांच्या माथी फुटलं. दुसऱ्या दिवशी भिंतीवर पाटी लागली. फोड्या हे नाव तेच राहिलं, पण आता लोक ते खिदळत घ्यायला लागले.

हिऱ्याच्या धंद्यात त्यांना मग कुणी उभं केलं नाही. त्यांनी कोळशाच्या वखारीत पोती उचलली, एकोणतीस वर्षं. आज ते खिडकीपाशी खाटेवर असतात. छातीत कोळशाची धूळ बसली आहे, वाक्य संपायच्या आत खोकला येतो. कुणी गमतीनं म्हणालं की हिरा काय, कोळसा काय, शेवटी एकच, तर ते म्हणतात, "तुम्ही दोन्ही उचलून बघा."

आता लोक विचारतात, मावशीनं नोकरी नेमकी तिथंच का धरली? पोटासाठी, असं ती सांगते. साफ खोटं. मला तिनं खरं सांगितलं आहे. हिरा विस्तवात जळतो. कोळसा जळतो तसाच, फक्त आच जास्त लागते. म्हणून खडा अंगठीत असताना सांधा जोडायचा झाला, तर त्याला बोरिक पावडर आणि स्पिरिटचा लेप द्यावा लागतो. मग हवा लागत नाही आणि तो वाचतो. लेप विसरलं तर खडा दुधी होतो, आंधळा होतो. दुरुस्तीवाल्यांच्या हातून ही चूक होते. शिकाऊंच्या हातून जास्त, पण जुन्यांच्याही होते. "एक ना एक दिवस त्याची अंगठी माझ्या टेबलावर येईल," मावशी म्हणायची, "आणि मी लेप द्यायला विसरेन."

त्याची अंगठी म्हणजे त्याच फुटलेल्या खड्याची. सातांतली सगळ्यात मोठी ठिकरी घासून मालकांनी मेहुण्याला दिली होती, मनस्तापाची भरपाई म्हणून! रेघोबा ती कायम घालायचा. अठ्ठ्याहत्तरीतही रोज कारखान्यात येऊन खिडकीशी बसायचा आणि प्रत्येक नव्या माणसाला अंगठी दाखवून ती कहाणी ऐकवायचा. मलाही ऐकवली, मी फोड्याची नात हे माहीत असून. खड्यात एक काळा ठिपका होता. त्यावर बोट ठेवून म्हणायचा, "हा निसर्गाचा तीळ. जमिनीच्या पोटातला." मावशी तेव्हा मान खाली घालून सांधे जोडत असायची आणि तिच्या मानेवरची शीर मला माझ्या चाकावरून दिसायची.

तो शहाणा होता. फोड्याच्या पोरीच्या हाती अंगठी द्यायचा नाही, दोन गल्ल्या पलीकडच्या सोनाराकडे न्यायचा. पण तो सोनार डोळ्यांनी थकला, त्यानं दुकान मिटलं. आणि खोटं चाळीस वर्षं सांगितलं की सांगणाऱ्यालाही ते खरं वाटायला लागतं, मग भीती उरत नाही. गेल्या हिवाळ्यात एका मंगळवारी त्यानं अंगठी काढून मावशीच्या टेबलावर टाकली.

"एक नखी हलतेय. आणि सैल झालीय, बोट वाळलं माझं. चांगली घट्ट कर."

"करते काका," मावशी म्हणाली. तिचा आवाज इतका गोड मी कधी ऐकला नव्हता.

तिनं लेपाची वाटी बाजूला सरकवली. मी बघत होते. ज्योत पेटवली. मग सवयीनं, केवळ बावीस वर्षांच्या सवयीनं, हलणारी नखी उचलून तिनं खड्याला भिंग लावलं. आणि तशीच राहिली. ज्योत फुकट जळत होती. खूप वेळानं तिनं ती बंद केली आणि मला हाक मारली.

"बघ. काय दिसतं?"

नखीखाली खड्याच्या कमरेचा, म्हणजे मधल्या कडेचा, एक तुकडा घासलेलाच नव्हता, फुटताना जसा झाला तसाच खरखरीत ठेवला होता. तिथून केसाएवढी चीर आत गेली होती. चीर तोंडापासून आतपर्यंत काळी होती. वरून जो तीळ दिसायचा तो त्या चिरेचा शेंडा.

"निसर्गाचा डाग असा असतो का?" मावशीनं विचारलं.

नसतो. मी रोज ते बघते. हिऱ्याच्या पोटातला काळा कण बहुधा ग्राफाईटचा असतो, चपटा, पेन्सिलीच्या टोकासारखा चमकणारा, आणि चारी बाजूंनी बंद. हे काळं मंद होतं, मखमलीसारखं, आणि त्याला दार होतं. ही काजळी होती.

"चीर फुटलेल्या बाजूनं आत गेलीय," मावशी हळूहळू म्हणाली, जणू स्वतःलाच समजावत होती. "म्हणजे ती खडा फुटताना पडली. आधी रेघ पुसली असती, तर शाई शिरायला चीरच नव्हती. खडा फुटल्यावर यानं स्पिरिटचा बोळा फिरवला. स्पिरिटनं लाख विरघळली आणि चिरेनं शाई ओढून घेतली. त्यानं पुसली गं, आणि पुसता पुसता आत लिहून ठेवली!"

तिचा चेहरा बघून मला भीती वाटली. दोन मिनिटांपूर्वी ती हाच पुरावा जाळणार होती.

चहाच्या वेळी चाकं थांबतात. चौदा माणसं होती, आणि जुन्या मालकांची लेक, म्हणजे आताच्या मालकीणबाई, त्याही खाली आलेल्या. मावशी अंगठीतून सोडवलेला खडा चिमट्यात धरून उभी राहिली.

"काका, नवीन आलेल्या दोघींनी ती गोष्ट ऐकली नाहीये. सांगा ना."

रेघोबाला काय, तेच हवं होतं. त्यानं हातवारे करून सांगितली. मावशीनं मध्येच विचारलं, "म्हणजे रेघ त्यानं आधी पुसली? फुटायच्या आधी?"

"आधीच की! पुसली, मग खाच पाडली."

"फुटल्यावर नाही?"

"फुटल्यावर कशाला पुसेल कुणी?"

"तेच म्हणते मी," मावशी म्हणाली आणि तिनं भिंग मालकीणबाईंच्या हातात दिलं.

त्या हिऱ्यांतच वाढलेल्या, त्यांना काही शिकवावं लागलं नाही. त्यांनी बघितलं, खड्याची कूस बदलून पुन्हा बघितलं. रेघोबा ओरडायला लागला, "निसर्गाचा आहे तो!" मग मावशीनं पांढऱ्या चिनीमातीच्या वाटीत स्पिरिट घेतलं, खडा आत टाकला आणि वाटी दागिने धुवायच्या थरथरत्या मशिनीत ठेवली. कुणी चहाला तोंड लावलं नाही. दहा मिनिटांनी वाटीच्या तळाशी काळी धूळ बसली होती, चिमटीनंही उचलता येणार नाही इतकी. निसर्गाचा तीळ वाटीत उतरत नाही, हे तिथं नव्या दोघींनाही कळलं.

मालकीणबाईंनी खुर्ची ओढली, तिच्यावर चढल्या आणि स्वतःच्या हातानं भिंतीवरची पाटी काढली. "मामा, काही बोलायचंय?" त्यांनी विचारलं. रेघोबा म्हणाला, "चाळीस वर्षं झाली. आता कशाला उकरून काढता? माझी अंगठी द्या." एवढंच.

मावशीनं खडा पुन्हा बसवला. त्याला लेप दिला, नीट, दोनदा. नखी पक्की केली. कडी दोन मापांनी लहान केली, त्यानंच सांगितलं होतं ना घट्ट कर म्हणून. मग बोटाला साबण लावून तिनं ती त्याच्या संधिवातानं सुजलेल्या पेरावरून पलीकडे ढकलली. तो कळवळला.

"आता पडायची नाही," मावशी म्हणाली.

त्या संध्याकाळी तिनं आजोबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हातारा रडेल. ते म्हणाले, "शाई आत आहे ते ठीक. मला ठाऊकच होतं. तो काय म्हणाला?"

"काही नाही."

"मग काय उपयोग?" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. पाटी उतरली ते ऐकूनसुद्धा वळले नाहीत. त्यांना पाटी नको होती, त्या माणसाच्या तोंडातला शब्द हवा होता. त्या महिन्यात त्यांचा खोकला वाढला. डॉक्टर म्हणाले, उन्हाळा निघेल असं सांगवत नाही. मावशी रोज कामावर यायची आणि दाराकडे बघत बसायची. वेळ कमी होता आणि तो माणूस कारखान्यात फिरकत नव्हता.

अंगठी मात्र निघत नव्हती. साबण झाला, तेल झालं, दोरा गुंडाळून झाला. बोट सुजून वांग्यासारखं झालं. तो तीन सोनारांकडे गेला, हे आम्हाला त्या तिघांनीच कळवलं. प्रत्येकानं भिंग लावून सांधा बघितला आणि हात झटकले. "हा त्यांच्या हातचा सांधा आहे. त्यांच्याकडे जा." रीत ती रीत. खरं तर सुजलेल्या बोटासाठी रीत मोडता आली असती. पण वाटीची गोष्ट तोवर त्यांच्याही कानावर गेली होती.

सतराव्या दिवशी तो आला. चहाच्या वेळीच आला, कारण मावशीनं निरोप धाडला होता की इतर वेळी मला काम असतं. हात त्यानं खिशात घातला होता. तो त्यानं टेबलावर ठेवला. बोट जांभळं पडलं होतं. मला, खोटं कशाला बोलू, कीव आली. मावशीला आली नाही.

तिनं कापायची करवत हातात घेतली, तिचं पातं तपासलं आणि ती टेबलावर ठेवली.

"काका, रेघ कधी पुसली?"

तो मालकीणबाईंकडे बघायला लागला. त्या चहा ढवळत होत्या.

"आधी की नंतर?"

"पोरी, बोट जाईल माझं."

"माझ्या बापाची छाती गेली. आधी की नंतर?"

दागिने धुवायची मशीन घरघरत होती. कुणीतरी उठून तीही बंद केली.

"नंतर," तो म्हणाला.

"कुणी?"

"मी."

मावशीनं करवत उचलली. तिनं इतक्या हळुवारपणे कडी कापली की त्याच्या कातडीवर ओरखडाही उठला नाही. अंगठी त्याच्या तळहातावर ठेवली, त्याची बोटं तिच्यावर मिटवली आणि म्हणाली, "ठेवा. तुमचीच आहे." मग माझ्याकडे वळून, "चल घरी," म्हणाली. दुपारचे साडेचार वाजले होते आणि सुटी सहाला होते. मालकीणबाईंनी आम्हाला अडवलं नाही.

आजोबा भिंतीकडे तोंड करूनच होते. मावशी खाटेच्या कडेला बसली, चपलाही न काढता. "बाबा, तो म्हणाला. सगळ्यांसमोर म्हणाला. नंतर पुसली. मी पुसली म्हणाला."

ते वळले. त्यांना वळायला वेळ लागतो.

"परत सांग."

तिनं परत सांगितलं. तो कसा उभा होता, हात कुठं होता, आवाज कसा आला. ते म्हणाले, परत सांग. तिनं चार वेळा सांगितलं. पाचव्या वेळी ती तोंड उघडणार, एवढ्यात ते स्वतःच म्हणाले, "नंतर." खोकला मध्ये आला नाही. मग त्यांनी मला पेन्सिल मागितली, खिडकीच्या पांढऱ्या चौकटीवर एक उभी रेघ ओढली, आणि तिच्या दोन केस उजवीकडे दुसरी.

"इथं हवी होती," ते म्हणाले. "मी सांगितलं होतं."

ते उन्हाळा निघायच्या आत गेले. त्या रेघा चौकटीवर आहेत. पेन्सिलीच्याच आहेत, ओल्या फडक्यानंही निघतील. मावशी दर आठवड्याला सगळं घर पुसते आणि तेवढी जागा सोडते.